सपाट माथ्याची बाभूळ आणि तिला खाणारे

सेरेंगेटीच्या फोटोत एखादे वेळी सिंह नसला तरी चालतो, पण ते झाड लागतंच. पिवळं गवत, मागे टेकलेला सूर्य आणि वरून सरळ छाटल्यासारखा सपाट माथा असलेलं एक काटेरी झाड. सफारीच्या जाहिरातीत ते असतं, टी-शर्टवर असतं, हॉटेलच्या भिंतीवर असतं. नाव मात्र सहसा कुणाला सांगता येत नाही.

झाड बाभळीचं आहे, आपल्या बांधावरच्या बाभळीचं जवळचं नातलग. शास्त्रीय नाव व्हॅचेलिया टॉर्टिलिस. मराठीत त्याला रूढ नाव नाही, म्हणून इथे आपण छत्रीबाभूळ म्हणू. सेनेगलपासून सोमालियापर्यंतचा साहेलचा पट्टा, केनिया-टांझानिया, खाली दक्षिण आफ्रिका, वर इजिप्त आणि सिनाई, इस्रायल-जॉर्डनमधलं अरावाचं खोरं आणि पुढे अरबस्तान ओलांडून ओमान-अमिराती, एवढ्या मुलखात ती आपसूक उगवते. दुबई-मस्कतला राहणाऱ्या मराठी मंडळींच्या नजरेस ती पडली असणार. तिकडे तिला समर म्हणतात आणि तिच्या फुलांवरचा मध चढ्या भावाने विकला जातो.

या झाडाच्या उपयोगांची यादी करायला बसलं तर पान भरतं. शेंगा चाऱ्याला, लाकूड सरपणाला, काटेरी फांद्या कुंपणाला, आतली साल दोर वळायला, फुलं मधमाश्यांना. यादी खरी आहे, पण तिच्यातून झाड कळत नाही. मला विचाराल तर छत्रीबाभूळ समजून घ्यायचा सरळ रस्ता म्हणजे तिला कोण खातं, काय खातं आणि कधी खातं ते बघणं. तिचे काटे, तिचा आकार, तिचं बी आणि एखाद्या माळावर ती किती आहेत याचा आकडा, या सगळ्यामागे कुणा ना कुणाचं तोंड आहे.

काटे कशासाठी

फांदी जवळून पाहिली तर प्रत्येक पेरावर काट्यांची जोडी दिसते. काही जोड्या लांब, सरळ आणि पांढऱ्याशुभ्र, आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत जाणाऱ्या. काही जोड्या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या, तपकिरी, मागे वळलेल्या. कधी एकाच जोडीत एक लांब काटा आणि एक आकडा. सरळ काटा टोचतो आणि आकडा धरून ठेवतो, त्यामुळे या फांदीतून हात घाईने मागे घेणं फार महागात पडतं. पानं या काट्यांच्या बगलेत झुपक्याने बसलेली असतात आणि पर्णिका एक ते चार मिलिमीटरच्या, म्हणजे एका घासात फार काही हाती लागू नये अशाच.

काट्यांनी जिराफ थांबत नाही. त्याची जीभ पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास लांब असते आणि ओठ काट्यांमधून पानं वेचायला तरबेज असतात. शेळ्या आणि इम्पाला हरणंही खातातच. मग काट्यांचा फायदा काय? दक्षिण आफ्रिकेत 1980च्या दशकात काटेरी झुडपांचे काटे काढून आणि न काढता अशी तुलना करून पाहिली गेली. काटे असले की जनावराचा घास लहान होतो आणि खाण्याचा वेग पडतो. म्हणजे काटा खाणं बंद करत नाही, उशीर लावतो. त्या उशिरात जनावर कंटाळून पुढच्या झाडाकडे वळतं आणि या झाडाची काही पानं वाचतात.

काटा बनवायलाही अन्न खर्ची पडतं, आणि हा हिशेब झाडं नीट ठेवतात. पूर्व आफ्रिकेतल्या बाभळींवर झालेल्या प्रयोगांत दिसलं, की तोंडाच्या टप्प्यात येणाऱ्या फांद्यांवर काटे लांब येतात आणि वर माथ्याकडे, जिथे कुणी पोहोचत नाही तिथे, आखूड. कुंपण घालून जनावरं दूर ठेवली तर नव्या फांद्यांवरचे काटेही आखूड होतात.

(मुंग्या पाळणारी आणि वाऱ्यात शीळ घालणारी बाभूळ म्हणून जी गोष्ट सांगतात ती या झाडाची नाही. ती केनियातलीच, पण वेगळी जात, व्हॅचेलिया ड्रेपॅनोलोबियम. माहितीपटांत या दोघींची सरमिसळ फार होते.)

माथा सपाट का

लहानपणी हे झाड छत्रीसारखं दिसतच नाही. आधी ते काट्यांचं गोल, गच्च झुडूप असतं, आणि कित्येक वर्षं तसंच राहू शकतं. शेंडा वर आला की इम्पाला खुडतं, आणि खुडला नाही तर कोरड्या दिवसांतला वणवा जाळतो. मुळं जिवंत असल्याने पावसात पुन्हा फूट येते आणि पुन्हा तेच. या फेऱ्यातून सुटायला झाडाला दोन गोष्टी लागतात: शेंडा खुडणाऱ्यांच्या तोंडावर जायला हवा आणि वणव्याच्या ज्वाळेवर जायला हवा. लागोपाठ काही बरी वर्षं मिळाली की ते जमतं.

एकदा वर गेलं, की आणखी उंच होण्याची गरज संपते. दाट जंगलात शेजारी उजेड अडवतो म्हणून प्रत्येकाला वर धावावं लागतं. माळावर शेजारी लांब असतो. उंची वाढवली तर पाणी तेवढं वर चढवावं लागतं, आणि पाणीच इथे कमी. म्हणून झाड आडवं पसरतं. पानांचा एक पातळ थर, जवळपास एकाच पातळीत, वर आलेल्या उन्हाला समोरासमोर. पर्णिका इतक्या बारीक की वारा आरपार जातो आणि पान तापत नाही. खालच्या फांद्या जिराफ आणि शेळ्या खात राहतात, त्यामुळे छत्रीची खालची कडही सरळ रेषेत येते. जनावरं, आग, पाणी आणि ऊन यांपैकी आकार घडवण्यात कुणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. जागेगणिक तो बदलत असावा. सहारातल्या रॅडियाना या उपजातीचा माथा तर बराच गोलसर असतो, सपाट म्हणावा असा नसतोच.

पानं राखायची, शेंगा वाढायच्या

आता गंमत अशी, की पानांवर एवढा पहारा ठेवणारं हे झाड शेंगांच्या बाबतीत उलट वागतं. शेंगा घट्ट पिळलेल्या, स्प्रिंगसारख्या. टॉर्टिलिस हे नावही त्या पिळावरूनच आलं. ते देणारा पेटर फॉर्स्कॉल हा स्वीडिश निसर्ग-अभ्यासक. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेत तो होता आणि 1763 मध्ये येमेनमध्ये हिवतापाने दगावला. झाडाची नोंद त्याच्या टिपणांवरून 1775 मध्ये छापली गेली.

शेंगा पिकल्या की खाली गळून पडतात, आणि त्याही बऱ्याचदा अशा दिवसांत की आजूबाजूला हिरवं काही उरलेलं नसतं. त्यांत प्रथिनं भरपूर असतात. हत्ती, इम्पाला, गॅझेल, माकडं, उंट, शेळ्या, सगळे त्यांवर तुटून पडतात. झाडाला हेच हवं असतं, कारण बी पडल्या जागी राहिलं तर त्याचं काही खरं नाही.

कारण आहे एक भुंगेरा. आपल्या मुगाला, चवळीला जो भोकं पाडणारा भुंगेरा लागतो, त्याच गटातले हे किडे. ते शेंगांवर अंडी घालतात, अळी बियाच्या आत शिरते आणि बी आतून पोखरून बाहेर येते. झाडाखाली पडून राहिलेल्या शेंगांतलं बरंच बी असं वाया जातं. पण शेंग वेळेत कुणाच्या पोटात गेली, तर आतली कोवळी अळी तिथेच मरू शकते. बियाचं कवच दगडासारखं टणक असल्याने चांगलं बी बऱ्याचदा पचत नाही. उलट पोटातल्या रसांनी कवच थोडं सैल होतं आणि नंतर पाणी आत शिरायला वाट मिळते. मग ते बी कुठेतरी लांब शेणाच्या पोवट्यात किंवा लेंड्यांत पडतं. इस्रायलमध्ये 1970च्या दशकात गॅझेल हरणांवर झालेल्या अभ्यासात हे व्यवस्थित दाखवलं गेलं.

म्हणजे ज्या इम्पालाने शेंगा खाऊन बी पेरलं, तोच इम्पाला पुढच्या वर्षी त्या बियाचं रोप खुडतो. झाडाला खाणारे हवेतही आणि नकोतही. मग नवी पिढी उभी राहते तरी कशी? टांझानियाच्या एका तळ्याकाठी याचं उत्तर मिळालं, आणि मला तरी या झाडाच्या कहाणीतला सगळ्यात जबरदस्त भाग हाच वाटतो.

बुळकांडी आणि जंगल

लेक मन्यारा हे टांझानियातलं छोटं राष्ट्रीय उद्यान. झाडावर चढून पसरणाऱ्या सिंहांसाठी प्रसिद्ध, आणि ते सिंह चढतात ते बऱ्याचदा छत्रीबाभळीवर. तिथली झाडं मोजणाऱ्या हर्बर्ट प्रिन्स आणि हेंक व्हॅन डर युख्त या दोन डच अभ्यासकांच्या लक्षात आलं, की तिथे सगळ्या वयाची झाडं नाहीत. आजोबा आहेत, नातवंडं आहेत, मधली माणसंच गायब. झाडं ठरावीक वर्षांत एकदम उगवलेली, एका वयाची. 1993 मध्ये त्यांनी हिशेब मांडला: एक पिढी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, दुसरी 1961च्या सुमाराची.

पहिल्या पिढीचं कारण बुळकांडी. जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ऐकूनही धडकी भरेल. गुरांना होणारा हा विषाणूजन्य रोग, गावच्या गाव गोठे रिकामे करणारा. 1887 मध्ये तो आजच्या एरिट्रियात उतरला, इटलीच्या सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर. ती गुरं भारतातून आलेली होती असं मानलं जातं. दहा वर्षांत रोग खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. वाटेत इथिओपियातली बहुतेक गुरं मेली आणि भयंकर दुष्काळ पडला. मसाई लोकांच्या आठवणीत तो काळ सर्वनाशाचा म्हणूनच राहिला. रानातले गवे, जिराफ, शिवाय नू आणि कुडू ही मोठी हरणं, हेही पटापट मेले. रोपं खुडणारी तोंडं अचानक कमी झाली, आणि त्या थोड्या वर्षांच्या मोकळिकीत छत्रीबाभळीची एक अख्खी पिढी तोंडांच्या टप्प्यावर निसटली. 1961च्या पिढीमागेही असाच रोग होता, फक्त यावेळी तो काळपुळीचा, आणि मेले ते इम्पाला.

म्हणजे सफारीच्या फोटोतलं जे दृश्य आपण अनादि काळापासूनचं समजतो, त्यातली कित्येक झाडं एका साथीची लेकरं आहेत.

गोष्ट इथे संपत नाही, उलटी फिरते. सेरेंगेटीत 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या गुरांना लसी टोचून बुळकांडी आटोक्यात आणली गेली. रोग हटला तशी नूंची संख्या फुगली, अडीच लाखांच्या आसपास होती ती पंधरा-सोळा वर्षांत तेरा लाखांपर्यंत गेली. आता खाणारे वाढले तर झाडं घटायला हवीत ना? पण पुढच्या दशकांत सेरेंगेटीत झाडं वाढली. मेंढपाळाला यातलं इंगित लगेच कळेल. शेळी पाला ओरबाडते, मेंढी गवत चरते. इम्पाला बाभळीचं रोप खातो, नू मुख्यतः गवत खातो. तेरा लाख नूंनी गवत फस्त केल्यावर वणव्याला जाळायला काही उरलं नाही, आणि आग कमी झाल्यावर रोपं वाचली. किती जनावरं आहेत एवढ्यावर काही कळत नाही, त्यांच्या तोंडात काय जातं ते बघावं लागतं.

बुळकांडीशी आपलंही एक नातं आहे. गुरांच्या अशा रोगांवर संशोधन करायला ब्रिटिशांनी 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. 2011 मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

सावलीतलं गवत

केनियातल्या त्सावो भागात 1980च्या दशकात छत्रीबाभळीखालचं आणि उघड्यावरचं गवत मोजून पाहिलं गेलं. झाडाखाली गवत जास्त निघालं, आणि जितका भाग कोरडा तितका हा फरक मोठा. कारणं एकाहून जास्त. खालची माती कित्येक अंशांनी थंड राहते. पालापाचोळा पडतो, सावलीला बसणारी जनावरं शेण टाकतात, आणि बाभूळ शेंगावर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. पूर्व आफ्रिकेत या झाडाखाली बऱ्याचदा गिनी गवत माजलेलं दिसतं आणि सावलीची कड संपली की गवताची जातच बदलते.

मुळांचा आणखी एक प्रकार आहे. काही मुळं खोल ओलीपर्यंत जातात, काही वरच्या थरात पसरतात. रात्री पानांची तहान थांबते तेव्हा खालून ओढलेलं पाणी वरच्या मुळांतून कोरड्या मातीत पाझरतं. टांझानियातल्या टारांगिरे उद्यानात हे या झाडाबाबत मोजलं गेलं आहे. हे वाचून भावुक होणारे बरेच भेटतात: बघा, झाड स्वतः पाणी काढून गवताला पाजतं! त्याच अभ्यासकांनी पुढे गवताभोवती चर खणून झाडाची मुळं तोडून पाहिली, तर गवत जास्त फोफावलं. म्हणजे झाड रात्री जेवढं देतं त्याहून दिवसा जास्त उपसतं. सावली, खत आणि पाणी मिळून गवताचा हिशेब कधी जमेचा ठरतो, कधी तोट्याचा.

मुळं किती खोल जातात याचा एक पुरावा नायजर देशात आहे. तेनेरेच्या वाळवंटात एक एकटी छत्रीबाभूळ उभी होती, आसपास दुसरं झाड नाही. उंटांचे तांडे तिच्यावरून वाट ओळखत. 1938-39च्या हिवाळ्यात तिच्याजवळ विहीर खणली तेव्हा मुळं तीस मीटरहून खोल पाण्यापर्यंत गेलेली आढळली. 1973 मध्ये एका ट्रकवाल्याने ते झाड पाडलं. चहूकडे मोकळं वाळवंट असताना! चालक प्यायलेला होता असं सांगतात. खोड राजधानी नियामेतल्या संग्रहालयात नेऊन ठेवलं आहे.

तुर्काना लोकांची झाडं

उपयोगांच्या यादीला खरा अर्थ येतो तो वायव्य केनियातल्या तुर्काना प्रदेशात. पाऊस अत्यल्प आणि बेभरवशाचा. उंट, शेळ्या, मेंढ्या, गाढवं घेऊन फिरणारे लोक. तुर्कवेल आणि केरियो या नद्यांच्या काठाने छत्रीबाभळीचं रान आहे. तुर्काना भाषेत झाडाला एवोई म्हणतात, आणि नदीकाठच्या झाडांवर कुटुंबाचा जो हक्क असतो त्याला एक्वार.

एक्वार ही मालकी नव्हे, वहिवाट आहे. पावसाळ्यात कुणीही कुठेही चारावं. कोरडे दिवस लागले, शेंगा गळायला लागल्या, की ठरावीक पट्ट्यातल्या शेंगा ठरावीक कुटुंबाच्या. त्यांनी परवानगी दिली तर दुसऱ्याने घ्याव्यात. हा हक्क बापाकडून मुलाकडे जातो, पण तिथे येणं-राहणं सोडून दिलं तर तो विरतो. शेळ्यांना शेंगा थेट चारतात किंवा गोळा करून साठवतात. ओलं झाड तोडणं निषिद्ध. जंगल खातं येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था चालत आली आहे आणि बाहेरून आलेल्या विकास योजनांना ती दिसायला 1980चं दशक उजाडावं लागलं.

नदीपासून दूर, कोरड्या माळावर ही झाडं उगवतात कशी, याचं उत्तर दक्षिण तुर्कानात सापडलं. हे लोक मुक्कामाला काटेरी फांद्यांचं वाडगं करून रात्री जनावरं त्यात कोंडतात. दिवसभर खाल्लेल्या शेंगांचं बी रात्री लेंड्यांतून तिथेच पडतं. काही महिन्यांनी माणसं पुढे निघून जातात. मागे राहतं लेंड्यांच्या थराने कसदार झालेलं वर्तुळ, भोवती काट्यांचं कुंपण आणि आत शेकडो बिया. धनगराने शेतात मेंढरं बसवली की ती जमीन पुढच्या हंगामात कशी उठून दिसते, ते आपल्याकडे ठाऊक आहे. इथे फक्त पिकाऐवजी बाभळी उठतात. 1995 मध्ये छापल्या गेलेल्या एका अभ्यासात या सोडून दिलेल्या वाडग्यांत रोपं आसपासच्या माळापेक्षा कितीतरी जास्त आढळली. 'भटक्यांच्या शेळ्या वाळवंट वाढवतात' हा समज ज्यांच्या डोक्यात पक्का आहे, त्यांनी तुर्कानातली ही रोपं बघायला हवीत. शेळीने काही बिघडत नाही असं माझं म्हणणं नाही. शेळी एकाच जागी बांधून ठेवली तर बिघडतं.

अशीच रीत इजिप्तच्या पूर्व वाळवंटातल्या अबाब्दा आणि बिशारीन टोळ्यांची. आकडी लावलेली लांब काठी फांदीला अडकवून हलवायची, पानं-शेंगा खाली पाडायच्या, फांदी मोडायची नाही.

तुर्कवेल नदीवर 1991 मध्ये धरण पूर्ण झालं आणि पुराचं वेळापत्रक बदललं. काठच्या रानाला पुराच्या ओलीवरच नवी रोपं येतात, त्यामुळे ही काळजी तेव्हापासूनची. त्यात भर म्हणून काठावर एक परदेशी झाड घुसलं, छत्रीबाभळीच्या जागा बळकावत चाललेलं. ते झाड म्हणजे आपली वेडी बाभूळ. तिकडेही ती हिरवाई वाढवायला म्हणूनच लावली होती.

कोळसा

लाकूड जड, धगीला पक्कं, धूर कमी. झाडाच्या मुळावर आला तो हा गुण. सोमालियात यादवी सुरू झाल्यावर या आणि गालोल नावाच्या दुसऱ्या बाभळीचा कोळसा करून आखाती देशांत पाठवणं हा मोठा धंदा झाला, हुक्क्यासाठी आणि मांस भाजण्यासाठी. त्यातला पैसा अल-शबाब या सशस्त्र अतिरेकी संघटनेला जात असल्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी 2012 मध्ये सोमाली कोळशाच्या निर्यातीवर बंदी घातली. चोरटी निर्यात त्यानंतरही चालली. शेंगा देणारं झाड वर्षानुवर्षं देतं, कोळसा एकदाच मिळतो, हे तोडणाऱ्यालाही कळतं. पण ज्याचा कळप दुष्काळात आधीच मेला आहे, त्याला शेंगांचा काय उपयोग?

राजस्थान आणि आपला माळ

1958 मध्ये या झाडाचं बी इस्रायलमधून जोधपूरला आलं. तिथल्या वाळवंट संशोधन केंद्राने, म्हणजे पुढच्या वर्षी काझरी झालेल्या संस्थेने, सरकत्या वाळूच्या टेकड्या थोपवायला ते निवडलं. निवड त्या कामापुरती चुकीची नव्हती. स्थानिक खेजडी आणि कुमठा यांच्यापेक्षा हे झाड भराभर वाढतं, वाळू धरतं, सरपण देतं. पश्चिम राजस्थानात त्याची मोठी लागवड झाली आणि इस्रायली बाभूळ हे नाव चिकटलं.

पण शेतकरी खेजडी शेतात राखतो, तिच्याखाली बाजरी घेतो. इस्रायली बाभळीला तो मान मिळाला नाही, कारण तिची वरच्या थरातली मुळं पिकाशी भांडतात. आणि जिथे वाळू सरकत नव्हतीच, नुसतं गवत होतं, तिथेही अशी झाडं लावली गेली तेव्हा माळढोकाची जागा गेली. या पक्ष्याला लांबवर नजर जाईल असं उघडं मैदान लागतं. झाडांची रांग म्हणजे त्याच्या दृष्टीने शिकारी लपायची जागा.

महाराष्ट्रात हीच चूक दुसऱ्या झाडांनी झाली. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग, सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा, इथला माळ सरकारी कागदांवर बराचसा 'पडीक'. त्यावर गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावण्याचे कार्यक्रम झाले. जंगल तुटून माळ झाला, म्हणून जंगल परत आणा, असं त्यामागचं गृहीतक. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून हे गृहीतक तपासलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या ओव्यांत आणि कथांत पश्चिम महाराष्ट्राच्या या भागांत भेटतात ती बऱ्याच अंशी माळाचीच झाडं. म्हणजे हा माळ तुटलेलं जंगल नाही. तो सव्हानाच आहे, आपला स्वतःचा. कुसळी आणि मारवेल गवत, मधूनमधून काटेरी झाडं, त्यात चिंकारा, लांडगा आणि धनगराचं खांड.

आणि त्याचं स्वतःचं सपाट माथ्याचं काटेरी झाडही आहे: हिवर. व्हॅचेलिया ल्युकोफ्लोइया. पांढुरकी साल, आडव्या पसरलेल्या फांद्या, पावसाळ्याच्या अखेरीस फिकट पिवळ्या फुलांचे मोठे तुरे. हिवरे, हिवरगाव, हिवरखेड अशी गावं नकाशावर किती विखुरली आहेत पाहिलं की झाडाचा पसारा ध्यानात येतो. फोटोसाठी सेरेंगेटीला जायलाच हवं असं नाही. सुप्याच्या किंवा नान्नजच्या माळावर उतरत्या उन्हात हिवर पाहा, चित्र फार वेगळं नाही.

नावाबद्दल एक, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी 'पण हिचं नाव तर अकेशिया ना?' असं विचारणारच. होतं. अकेशिया हे नाव मुळात ज्या झाडावर आधारलेलं होतं ते आपलं बाभूळच. नंतर त्या मोठ्या प्रजातीचे तुकडे करायचे ठरलं, तेव्हा नाव कुणी ठेवायचं यावर वाद झाला. ऑस्ट्रेलियात या गटाच्या सुमारे हजार जाती. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव त्यांना दिलं गेलं आणि 2011 मध्ये, नेमकं मेलबर्नमध्ये, ते कायम झालं. आफ्रिका-आशियातली झाडं व्हॅचेलिया आणि सेनेगालिया अशी वाटली गेली. आफ्रिकेतले कित्येक अभ्यासक अजून चिडलेले आहेत आणि बोलताना सर्रास अकेशियाच म्हणतात.

काटेरी झाड दिसलं आणि चौघींपैकी कोणती हे ठरत नसेल तर शेंग उचलून बघा. मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली, राखाडी: बाभूळ. चपटी, किंचित वाकलेली, तपकिरी: हिवर. पिवळसर, जाडसर, जवळपास सरळ आणि चवीला गोड: वेडी बाभूळ. स्प्रिंगसारखी पिळलेली असेल, तर ती छत्रीबाभूळ, आणि तुम्ही बहुधा राजस्थानात आहात.